बिनकोंबडीची पोपटी

काकी गेली तेव्हा मी अलिबागला एसटी स्टँडबाहेर पत्रकं वाटत होते. धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, घरी ये. काकी गेली गं." हातातला गठ्ठा तसाच घेऊन गाडीत बसले. वरच्या पत्रकावर मीच लिहिलेली ओळ होती : जमीन विकणाऱ्याला गावात थारा नाही. काकीला ही ओळ कधीच पटली नव्हती...

नर्मदाकाकी माझी सख्खी चुलती. भात कापून झालं की त्याच शेतात, मातीत उरलेल्या ओलीवर ती वाल पेरायची. बांधाकडेला वांगी, मिरच्या, थोडी रताळी. बंगल्यासाठी जागा बघायला येणाऱ्यांना ही जमीन 'रिकामी' दिसते. रिकामी! पौषात या आणि शेंगा मोजा म्हणावं. त्या शेंगा भरल्या की काकीची पोपटी ठरलेली. मडक्याच्या तळाशी बांधावर उगवणाऱ्या, उग्र वासाच्या भांबुर्ड्याचा पाला, वर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, बटाटे, रताळी, हिरवं वाटण भरलेली वांगी. पुन्हा पाल्याने तोंड गच्च बंद. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि झावळ्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना पोपटी म्हणजे कोंबडीच वाटते. काकीच्या मडक्यात मात्र कधी अंडंसुद्धा पडलं नाही, कारण शेजारच्या शेताचा दामूकाका माळकरी. एका मडक्याभोवती बसायचं तर सगळ्यांनी त्यातलंच खायचं, हा तिचा कायदा.

तीन वर्षांपूर्वी दामूकाकाने शेत विकलं. तिथे भिंत उठली, बंगला झाला, आणि आता त्याच फाटकावर तो वॉचमन आहे. जिथे त्याच्या बापाने नांगर धरला तिथे हा येणाऱ्या गाड्यांना सलाम ठोकतो. आम्ही त्याच्याशी बोलणं टाकलं. पुढाकार माझा होता, आणि त्याची मला लाज नाही. त्या थंडीत मी काकीला म्हटलं, "आता कोणासाठी पाला खायचा? टाक की कोंबडी."

ती वांगी भरत होती. "पाला? मागल्या साली तीन वांगी कोनी चापली गो?"

घरातली पोरं हसली. मी चिडले. "काकी, त्याने जमीन विकलीय!"

"व्हय, विकली. मी काय त्याला जमीन वाढते हाय? वांगं वाढते." मग हात थांबवून म्हणाली, "येल, न येल. पन मडक्यात कोंबडी पडली ना बाय, की त्याला यायला वाटच उरत न्हाय."

तो आला नाही. त्या वर्षी नाही, पुढच्याही नाही. काकी दर वेळी त्याचा वाटा केळीच्या पानावर झाकून ठेवायची, आणि सकाळी तेच गार वांगं भाकरीबरोबर गुपचूप खायची.

यंदाचा वाल तिनेच पेरला. शेंगा भरल्या तेव्हा ती नव्हती. पोरं म्हणाली, काकीच्या नावाने पोपटी लावू. मी विळा घेऊन भांबुर्डा शोधायला निघाले, तर तो उगवायचा तो बांध भिंतीच्या आत गेलेला. मग भिंत उठल्यापासून काकी पाला आणायची कुठून? मी कधी विचारलंच नव्हतं. भिंतीच्या कोपऱ्याशी पोचले तर वर ताज्या भांबुर्ड्याची पेंढी ठेवलेली, गवताच्या काडीने बांधून. आत दामूकाका उभा होता, वॉचमनची टोपी हातात.

"वयनी हितनंच न्यायची," एवढंच म्हणाला.

मी विळा कमरेला खोचला. पाला उचलला.

घरी पोरांनी मसाला लावून कोंबडी तयार ठेवली होती. "ही घरात चुलीवर करा," मी म्हटलं. "मडक्यात नाही."

"ताई, आता कोणासाठी?"

मी आपली शेंगांना ओवा चोळत राहिले. संध्याकाळी जाळ केला. शिजलं का बघायला मडक्यावर बाहेरून पाणी शिंपडलं, चर्र झालं, ओव्याचा वास अंगणभर पसरला. काकीची बसायची जागा कोणी घेतली नाही. मी दोन वांगी, एक बटाटा, ओंजळभर शेंगा केळीच्या पानावर काढून झाकल्या.

दामूकाका आला नाही. मी त्याला माफही केलेलं नाही. सकाळी ती गार वांगी भाकरीबरोबर मीच खाल्ली, आणि मडकं पुसून काकीच्या फळीवर पुन्हा उपडं ठेवलं. पुढच्या पौषातही त्यात कोंबडी पडणार नाही.