साप चालू आहे

कारंजा घाडग्यात हायवेला लागून बंडूजी गुल्हाने यांचं ढेपेचं दुकान आहे. सरकीची ढेप, म्हणजे पेंड, तुरीची चुनी, गव्हाचा कोंडा, सगळा गाईम्हशींचा बाजार. दुकानात पाऊल टाकलं की तेलकट वास नाकात शिरतो आणि घरी पोचेपर्यंत सोबत येतो. बंडूजी मात्र शपथेवर सांगतात, की असा काही वास नाहीच. दुकानामागेच त्यांचं घर. दुपारी जेवण झालं की ते ढेपेच्या पोत्यावर मांडी घालून बसत, चष्मा कपाळावर चढवत आणि सदऱ्याच्या खिशातून बटणांचा जुना फोन काढून साप खेळत.

हा साप तुम्हीही कधीतरी खेळला असाल. इवल्याशा पडद्यावर एक काळी रेघ सरपटते, टिपका खाते आणि लांब होते. भिंतीला धडकली किंवा आपल्याच अंगावर आपटली की मेली. लोक खेळले, कंटाळले, नवे फोन घेऊन मोकळे झाले. बंडूजी कंटाळले नाहीत.

त्यांची मुलगी रक्षा नागपूरला नोकरीला आहे. तिने वडिलांना मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला, त्यात रंगीबेरंगी खेळ भरून दिले. बंडूजींनी आठवडाभर प्रामाणिकपणे प्रयत्न केला आणि फोन बायकोच्या हवाली केला.

"पहिले मले जाहिरात दाखवते," ते रक्षाला म्हणाले, "मंग नाव विचारते, मंग म्हणते, मित्राले बोलवा. मले खेळाचं आहे बाई, सोयरिक नाई जमवाची."

"पण बाबा, तोच तो साप रोज काऊन खेळता?"

"तुही माय रोज तुरीचं वरण करते. मी म्हणतो का, कालच तं खाल्लं होतं?"



तर गोष्ट अशी, की सोयाबीन काढणीच्या दिवसांत एका दुपारी बंडूजींचा साप मरेचना. वाढत गेला, वाढत गेला. बंडूजींनी त्याला शेतात नांगर फिरवावा तसा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने फिरवला. पडदा काळा होत गेला. मोकळी जागा उरली ती कोपऱ्यात, ज्वारीच्या दाण्याएवढी. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि चुनी मागू लागलं. बंडूजींनी खेळ थांबवला, चुनी मोजून दिली, परत पोत्यावर बसले. आणि त्यांचा अंगठा थरथरायला लागला.

आजवर साप मेला की ते दुसरा सुरू करत. याला मारायची मात्र त्यांची छाती होईना. आता नको, हात स्थिर झाला की खेळू, असं म्हणून त्यांनी फोन तसाच खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशीही हात स्थिर झाला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन नुसता बाहेर काढला, बघितला आणि परत ठेवला.

आता अडचण अशी, की फोन बंद पडला की थांबवलेला साप गेला. चार्जरची पिन ढिली होती, ती रबर लावून बसवावी लागे. पहिल्यांदा लाईन गेली तेव्हा ते दुकान उघडं टाकून समोरच्या ढाब्यावर धावले आणि तिथल्या जनरेटरला फोन लावून दोन चहा पीत बसले. आठवड्याभरात घरी इन्व्हर्टर आला.

अनुसयाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मी मिक्सरसाठी इन्व्हर्टर मागून राह्यली होती तं म्हने, पाटा-वरवंटा आहे. सापासाठी लगेच आला!"

"अवं, मिक्सर मरत नाई," बंडूजी म्हणाले.

दुसरी अडचण कॉलची. मागे एकदा खेळ थांबवलेला असताना कॉल आला होता आणि खेळ बंद पडला होता. सिमकार्ड काढावं, तर ते बॅटरीखाली. बॅटरी काढली की सगळंच संपलं. तालुक्यातल्या सगळ्या गोठ्यांमध्ये त्यांचा नंबर लिहिलेला. मग बंडूजींनी दुकानावर एक पाटी लावली. लाल रंगात, स्वतःच्या हाताने:

'कृपया फोन करू नये. साप चालू आहे.'

खाली अनुसयाबाईंचा नंबर दिला.

लोकांना काय, ढेपेशी मतलब. ते अनुसयाबाईंना फोन करू लागले. पहिले दोन-चार दिवस त्या "थांबा, इचारून सांगते" म्हणायच्या. मग विचारणं बंद झालं. कोणाची गाय व्यालेली, कोणाच्या म्हशीचं दूध आटलं, कोणाला कोणती ढेप द्यायची, हे त्या भाजी चिरता चिरता सांगू लागल्या. बंडूजी गिऱ्हाइकाशी दोन शब्दांत बोलायचे. अनुसयाबाई गाईचीसुद्धा तब्येत विचारायच्या. दुकान जोरात चालू लागलं. बंडूजी पोत्यावर बसून खिशावर हात ठेवून असायचे, पोटुशी बाई पोटावर ठेवते तसा.

शेजारच्या घरात त्याच महिन्यात दीपमाला नावाच्या शिक्षिका भाड्याने राहायला आल्या होत्या. वर्धेच्या नालवाडीतल्या, स्वभावाने सरळ, सापाला मात्र विलक्षण भिणाऱ्या. त्यांनी पाटी वाचली होती. वाचून दोन दिवस त्या अंगणात टॉर्च घेऊन हिंडत होत्या. आणि मग एका सकाळी कुंपणाच्या भिंतीपलीकडून त्यांनी बंडूजींचं बोलणं ऐकलं.

"अवं रक्षाची माय, आता थोडकीच जागा राह्यली. सगळं भरून टाकलं त्यानं. भिंतीले लागून पडला आहे."

"मंग मारून टाका नं एकदाचा!" अनुसयाबाईंचा आवाज आला. "मले कंटाळा आला त्याचा."

"मारू कसा? येवढा वाढवला त्याले!"

दीपमालाबाईंनी शाळेत रजा कळवली आणि सर्पमित्राला फोन लावला.

सर्पमित्र म्हणजे धर्मेंद्र. आजूबाजूच्या गावांत कोणाच्याही न्हाणीत, कडब्यात, मोटारपंपाच्या खोलीत साप निघाला की त्यालाच बोलावणं जायचं. तो मोटरसायकलवरून आला. हातात आकड्याची काठी, पाठीवर झाकणाला भोकं पाडलेली प्लॅस्टिकची मोठी बरणी. त्याच्या मागे दहाबारा लोक, त्यांच्या मागे आणखी. हायवेवरचे दोन ट्रक थांबले. ढेपेच्या पोत्यांवर लोक चढून उभे राहिले.

"बंडूजी, मांगे सरका," धर्मेंद्र म्हणाला. "कुठी आहे?"

"खिशात."

गर्दी एकदम मागे सरकली. एक जण पोत्यावरून पडला.

धर्मेंद्रने आपला आवाज शांत ठेवला. खिशात साप असलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, पण तो हुशार होता. "हालू नका. केवढा आहे?"

"पूर्ण घर भरलं."

"रंग?"

"काळा."

"फणा काढते?"

"नाई. चौकोनी आहे."

धर्मेंद्रने थोडा विचार केला. "चौकोनी साप मी नाई पाह्यला आतालोक. खाते काय?"

"टिपके."

आता बंडूजींनी फोन काढून समोर धरला. धर्मेंद्रने वाकून पाहिलं. पोत्यांवरचे लोक खाली उतरून वाकले. कोणी हसलं नाही. कारण साप खरोखरच प्रचंड होता. त्या गर्दीतला प्रत्येक माणूस कधी ना कधी तो खेळ खेळला होता आणि एवढा मोठा साप कोणाच्याच नशिबी आला नव्हता. एक ट्रकवाला हिंदीत पुटपुटला, "बाप रे, ये तो अजगर है." आणि त्याने चप्पल काढून ठेवली, का ते त्यालाही ठाऊक नसावं.

धर्मेंद्रची मात्र पंचाईत झाली. एवढी माणसं जमलेली, सगळी त्याच्याकडे बघणारी. "मी रिकाम्या बरणीनं वापस गेलो नाई कधी," तो हळूच बंडूजींना म्हणाला. "माही इज्जत ठेवा."

बंडूजींना ते पटलं. शिवाय बरणीत फोन सुरक्षित राहील, चुकून बटण दाबलं जाणार नाही, हेही त्यांच्या मनात आलं. त्यांनी फोन धर्मेंद्रच्या हातात दिला. धर्मेंद्रने तो दोन बोटांनी, डोक्याकडून धरला, बरणीत अलगद सोडला आणि झाकण लावलं. टाळ्या वाजल्या. दीपमालाबाईंनी खिडकीत उभं राहून डोळे पुसले.

"आता जंगलात सोडावं लागते," धर्मेंद्र म्हणाला. "आजच. नेम आहे."

अशा प्रकारे बंडूजींच्या मालवाहू तीनचाकीत पुढे बंडूजी आणि मांडीवर बरणी घेतलेला धर्मेंद्र, मागे रिकाम्या पोत्यांवर डबा आणि मोठा फोन घेऊन अनुसयाबाई, अशी वरात निघाली. अनुसयाबाई येणार नव्हत्या. पण शेवटच्या घटकेला त्यांना वाटलं, एवढे दिवस घरात होता, निरोप द्यायला हवा. रस्ताभर लोकांनी सोयाबीन वाळत घातलं होतं. बंडूजींनी गाडी कडेकडेने, धक्का न देता चालवली.

जंगलाच्या नाक्यावर वनरक्षकाने दांडा आडवा केला. अभिराम त्याचं नाव, मूळचा वर्धेजवळच्या बोरगाव मेघ्यातला, नव्यानेच लागलेला आणि म्हणून कडक.

"बरणीत काय?"

"साप," धर्मेंद्र म्हणाला.

अभिरामने बरणी उजेडात धरली. बराच वेळ धरली. मग त्याने एक एक शब्द तोलून सांगितलं, "हा इकडचा साप नाही."

"म्हनजे?"

"साप ज्या भागातला, त्याच भागात सोडावा लागतो. हा मला बाहेरचा दिसतो. मी आत जाऊ देऊ शकत नाही."

"भाऊ, हा फोनातला आहे," बंडूजी म्हणाले.

"तेच म्हणतोय. मग फोनातच सोडा."

यात चूक काढता येईना. धर्मेंद्रने अंमळ डोकं खाजवलं. अनुसयाबाई गाडीतून खाली उतरल्या, त्यांनी बरणीचं झाकण उघडलं, फोन काढला आणि नवऱ्याच्या हातात ठेवला.

"खेळा," त्या म्हणाल्या. "मेला तं मेला. रडू येईन तं मी आहे इथी."

नाक्यावरच्या झाडाखाली सिमेंटचा बाक होता. बंडूजी बसले. चष्मा कपाळावर चढवला. तिघं त्यांच्या खांद्यामागे उभे राहिले. अंगठा अजूनही थरथरत होता, पण आता ते थरथरणं बंडूजींना ओळखीचं वाटलं. लग्नात अंतरपाटामागे उभे होते तेव्हा असंच झालं होतं, आणि तेव्हाही कोणी थांबलं नव्हतं.

त्यांनी बटण दाबलं. साप हलला.

"वर, वर घ्या काका," अभिराम म्हणाला.

"चूप ऱ्हा," अनुसयाबाई म्हणाल्या.

एक टिपका गेला. आणखी एक. धर्मेंद्रने काठीचा आकडा घट्ट धरला होता, जणू साप पडद्यातून निसटलाच तर हाताशी असावा. नाक्यावर एक मोटार येऊन हॉर्न वाजवत राहिली, अभिरामने मागे न बघता हात दाखवला. शेवटचा टिपका अगदी कोपऱ्यात आला. साप वळला, आपल्याच शेपटीच्या मागोमाग सरकला आणि टिपका खाल्ला.

पडदा पूर्ण काळा झाला. नवा टिपका यायला जागाच नव्हती. फोन क्षणभर गप्प राहिला, आणि मग नेहमीसारखंच, साप भिंतीला आपटल्यावर यायचं तसंच, 'खेळ संपला' आलं. खाली गुण. बस्स.

"एवढंच?" अभिराम म्हणाला.

"येवढंच दिसते," बंडूजी म्हणाले.

त्यांना वाटलं होतं काहीतरी वाजेल, चमकेल, निदान शाबास तरी म्हणेल. तसं काही झालं नाही, आणि आश्चर्य म्हणजे त्यांना त्याचं वाईटही वाटलं नाही. एकदम सडकून भूक लागली. कित्येक दिवसांत लागली नव्हती तशी.

अनुसयाबाईंनी डबा उघडला. भाकरी, वांग्याची भाजी, वर ठेचा. चौघं बाकाभोवती जेवले. जेवण झाल्यावर धर्मेंद्र रिकामी बरणी घेऊन गवताशी गेला, ती आडवी धरली आणि अनुसयाबाईंना म्हणाला, "काकू, एक फोटो काढा. सोडतानाचा." त्यांनी मोठ्या फोनवर फोटो काढला. फोटोत बरणी, गवत आणि गवताकडे काळजीने बघणारा धर्मेंद्र आला आहे. साप निघून गेल्यासारखाच वाटतो.

परतताना धर्मेंद्र मागे पोत्यांवर झोपला. अनुसयाबाई पुढे बसल्या.

"ते पाटी काढून टाकतो आता," बंडूजी म्हणाले. "फोन माह्यावर येऊ दे."

अनुसयाबाईंच्या मांडीवरचा फोन तेवढ्यात वाजला. त्यांनी तो उचलला, कोणाच्या तरी म्हशीची सगळी हकीकत ऐकून घेतली, सरकी बंद करून कोंडा द्यायला सांगितला आणि ठेवला.

"राहू द्या पाटी," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईकं मलेच लावतात. तुमी ढेप मोजून देत जा, अन् दुपारी खेळत जा."

"अन् तो संपला नं?"

"मंग दुसरा नाई का त्याच्यात?"

बंडूजींनी गाडी कडेला घेतली, खिशातून फोन काढला आणि बघितलं. होता. नवा साप, दोन-तीन टिपक्यांएवढा, सगळा मोकळा पडदा समोर ठेवून उभा होता. अनुसयाबाईंनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला, पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "घरी. आता गाडी चालवा, मांगून ट्रक येऊन राह्यला."