आत्याचा उगवता सूर्य

बाबांच्या खाटेसमोरच्या भिंतीवर एक तेलचित्र होतं. युद्धाच्या काळात आपला देश सोडून मुंबईत राहिलेल्या एका परदेशी चित्रकाराचं. बाबा तरुणपणी तिथल्या छापखान्यात कामाला होते, तेव्हा त्या म्हाताऱ्याने ते त्यांना दिलेलं. कोकणचा किनारा, जांभळं पाणी, पाण्याला टेकलेला सूर्य. रंग इतका जाड की बोटाला उंचवटा जाणवतो.

पुढे अमरावतीत बाबांनी जन्मभर पत्रकं काढली. जातीविरुद्ध, अंधश्रद्धेविरुद्ध. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच.

बाबांच्या आजारापुढे नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा बाबांनी मला बजावलं, "आत्याले सांगू नोको." चौकात खरं बोलून मार खाल्लेला हा माणूस सख्ख्या बहिणीला रोज सांगायचा, औषध लागू पडून राहिलं. माझा संताप व्हायचा. तरी मी गप्प होते.

आत्या बार्शीटाकळीहून भावाचं करायला आली होती. समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. पहिल्याच दिवशी चित्रापुढे उभी राहून म्हणाली, "उगवता हाय ना भाऊ? बुडता असन तं आजाऱ्यासमोर नोको."

"उगवताच हाय," बाबा म्हणाले.

तेव्हापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती कौतुकाने दाखवायची. "पाहा, कसा उगवून राहिला!" मी तोंड उघडलं की बाबा डोळ्यांनी अडवायचे.

एका संध्याकाळी तिवस्याहून बाबांचे जुने सोबती आले. आत्याने त्यांनाही दाखवलं. ते खो खो हसले. "बाई, हा कोकणातला समुद्र. तिथं सूर्य पाण्यात बुडते, निघत नाही. तुमी तं पश्चिमच फिरवली!"

आत्या हसली नाही. ते गेल्यावर तिने खाटेजवळ येऊन विचारलं, "भाऊ, तू मले खोटं कावून सांगतलं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी नजर वळवली नाही.

"खोटं एकच नाही सांगतलं," ते म्हणाले. "बस इथं."

ती खाटेच्या कडेवर बसली. अंधारून आलं होतं. दिवेलागण चुकवणं तिला कधी खपायचं नाही, म्हणून मी बटणाकडे वळले. तिने माझा हात धरला.

"थांब वो. पयले त्याले बोलू दे."