बाहेर जायचंय

"तुम्हाला किळस नाही येत?" लोक मला हमखास विचारतात. मी बडोद्यात एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची अंगं पुसते, डायपर बदलते. नाही येत बाई! माणसाचं शरीर आहे, ते चालणारच. किळस आली ती आमच्याच हॉलमध्ये, एसी लावून चाललेल्या ट्रेनिंगमध्ये.

'तुम्ही आया नाही, लीडर आहात,' हे सांगायला अहमदाबादहून एक साहेब आले होते. सकाळपासून उभं राहून तोंडाची वाफ दवडत होते. पालुपद एकच, लीडर पुढाकार घेतो, परवानगीची वाट बघत नाही. आणि आम्ही पाणी प्यायला उठायचं, तरी हात वर करून त्यांना विचारायचं!

जेवणानंतर साहेबांना 'ऐकून घेण्याची कला' दाखवायची हुक्की आली. त्यासाठी खरीखुरी म्हातारी हवी, म्हणून आमच्या मराठी आजींना व्हीलचेअरवरून आणलं. त्यांचे सासरे गायकवाडी सरकारात अंमलदार होते. एवढ्या वयातही आजींचा पदर कधी ढळायचा नाही. आणि अजून आपल्याला डायपर लागत नाही, याचा केवढा अभिमान! त्या वेळेवर सांगायच्या, आम्ही वेळेवर न्यायचो.

साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. "बोलो बा, शुं इच्छा छे?"

आजी मान खाली घालून हळूच म्हणाल्या, "मला जरा बाहेर जायचंय."

अहो, म्हातारं माणूस चारचौघांत असं म्हणालं की त्याला संडासला न्यायचं असतं, हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं! साहेब मात्र माइकमध्ये ओरडले, "बाने बहार फरवा जवुं छे!" म्हणे आजींना फिरायला जायचंय. टाळ्या काय, फोटो काय! "क्यां जवुं छे, बा? कमाटी बाग?"

"बाहेर... लवकर," आजी म्हणाल्या. पुन्हा टाळ्या.

मी उठले. साहेबांनी अडवलं, "बेन, पहेला हाथ ऊंचो करो!"

"हात गेला खड्ड्यात," म्हटलं आणि आजींची खुर्ची ढकलत निघाले. पण दारापर्यंतच पोचलो.

मोरीत मी त्यांना धूत होते. भिंतीकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "कुणी पाहिलं का गं?"

"कुणीच नाही, आजी," मी म्हटलं. सगळ्यांनी पाहिलं होतं.

त्यानंतर आजींनी सांगणंच सोडलं. 'बाहेर' हा शब्दच त्यांच्या तोंडी येईनासा झाला. आता त्यांनाही डायपर लावतो. लावताना त्या डोळे मिटून घेतात.

पुढच्या आठवड्यात ऑफिसबाहेरच्या बोर्डावर तो फोटो लागला. साहेब दात काढून हसताहेत आणि आजींनी मोकळ्या हाताने साडीच्या निऱ्या घट्ट मुठीत धरल्यात. खाली मोठ्या अक्षरांत, 'आजींचं स्वप्न ऐकणारा लीडर'. थू तुमच्या लीडरवर!

हात वर केला नाही, कुणाला विचारलं नाही. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत तो फोटो उपटला आणि वापरलेल्या डायपरच्या बादलीत टाकला. पुढाकारच घ्यायचा होता ना? घेतला.