सोलापुरात ओठ वाचतात

पद्माला बघायला पाहुणे येणार असं कळलं आणि मी दुसऱ्या दिवशी माढ्याहून सकाळची एसटी धरली. तुम्ही जाणार असाल तर पुढची जागा पकडा, मागे हाडं खिळखिळी होतात. मी रस्ताभर एकच ठरवत होतो: तिला आजच आपल्याबरोबर चल म्हणायचं. कॉलेज मधेच सोडलेल्या माणसासाठी तिच्या घरचे कशाला थांबतील?

स्टँडजवळच्या खानावळीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही स्वस्तात पोटभर मिळतं. तिथून विणकरांच्या वस्तीत चालत जा. घरोघरी माग, कान बधिर होतात. पद्माचं घर तेलुगू. दारात तिची आजी बसलेली, तिला सगळे अम्मम्मा म्हणतात. बोलपट येऊन तेव्हा चाळीसेक वर्षं झाली होती; त्याआधीच्या मूकपटांत ही नायिका होती.

आत पद्मा मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती, पलीकडे तिचे वडील मागावर. एवढ्या खडखडाटात कुणाला काय ऐकू येणार म्हणून मी तिच्यासमोर उभा राहून बोललो, की आत्ता चल, तुझ्या बापाला चादरीपलीकडं काही दिसत नाही.

माग थांबला. वडील म्हणाले, "दिसतंय की. ओठ दिसतात."

मागावरची माणसं दिवसभर ओठांवरूनच बोलतात, हे मला कुठलं ठाऊक! तरी मी मुठी आवळून भांडायला तयार. तेवढ्यात अम्मम्मा हसत आली आणि मला धरून बाहेर नेलं.

"बस हितं. मी पण हेच केलंय," ती म्हणाली.

मग सांगू लागली: मूकपटात तोंडानं काय बोलता याला महत्त्व नसायचं. हिरो लई घमेंडखोर, म्हणून ताटातुटीच्या प्रसंगात ती डोळ्यांत पाणी आणून त्याला तेलुगूत शिव्या घालत होती. गावोगावी बाया रडल्या. सोलापुरात मात्र तेलुगू विणकर पोट धरून हसले.

शूटिंगच्या वेळी आरशांनी तोंडावर ऊन फेकायचे, त्यानं तिचे डोळे अजून चुरचुरतात. मग बोलपट आले. तिच्या बोलण्यातला तेलुगू हेल कुणाला चालेना. काम गेलं, ती परत येऊन मागावर बसली.

वाईट नाही वाटलं? मी विचारलं.

"वाटलं की. पण सिनेमानं मुलूख दाखवला, गावानं परत घेतलं. दोघांनी बरंच केलं माझं."

निघताना आत डोकावलो. माग पुन्हा सुरू होता. पद्मा वडिलांच्या अगदी समोर, मलाही ओठ दिसतील अशी उभी राहिली आणि आवाज न काढता, मला कळेल इतकं सावकाश, मराठीत म्हणाली: कॉलेज पुरं कर. मी थांबते.

वडिलांनी ते वाचलं. मान खाली घालून तुटलेला धागा जोडत राहिले.

"न्हाई म्हणाला न्हाई तो," अम्मम्मा माझ्या कानाशी म्हणाली. "पाहुण्यांचं मी बघते. पळ आता."

मी तिच्या पाया पडलो. आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न सांगता.

घरी आई म्हणाली, सोलापूरला जाऊन चादर नाही आणलीस? म्हटलं, जूनमध्ये कॉलेजात परत नाव घालतोय.  ती चहाचं आधण तसंच ठेवून शेजारणीला सांगायला गेली.