दशांशापुढचं लोखंड

पायथन शिकायला बसले तेव्हा मला एकाहत्तरावं लागलं होतं, आणि मी पहिल्याच ओळीला आपटले. मी मूळची फॉरट्रानवाली. त्या भाषेत दर ओळीला आधी सहा जागा मोकळ्या सोडायच्या आणि सातवीपासून लिहायचं. बोटांनी आपली सवयीने सहा जागा सोडल्या. पायथनमध्ये ओळीआधीच्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो, उगाच सोडलेली त्याला चालत नाही. लाल अक्षरांत तक्रार आली. मी तेच पुन्हा टाइप केलं, जरा जोरात.

दहावीतली नात मागे उभी होती. "आजी, जोरात दाबून ऐकत नाही ते."

"आमचं ऐकायचं," मी म्हटलं.

ही थाप होती. पण नातीला काय कळतंय.

हा उद्योग माझ्या गळ्यात सुनेने बांधला. इथे गुजरातेत वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मरचा एक कारखाना आहे, तिथे ती डिझाइन विभागात आहे. निवृत्त होईपर्यंत मीही तिथेच होते. ट्रान्सफॉर्मरला तांबं किती लागेल, तेल किती तापेल, वीज किती वाया जाईल, हे सगळं काढून देणारा प्रोग्रॅम मी तरुणपणी लिहिला होता. तो अजून चालू होता, एका म्हाताऱ्या संगणकावर. त्या संगणकाचे सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा मालक म्हणाले, बाहेरून तयार सॉफ्टवेअर घेऊ. सून मध्ये पडली. म्हणाली, माझ्या सासूबाई हाच प्रोग्रॅम पायथनमध्ये आणून देतील, दोन महिन्यांत. मला घरी येऊन सांगितलं, तेही पोळ्या लाटताना.

"अगं, मला पायथन येत नाही."

"शिकाल हो. तुम्हीच म्हणता ना, एक भाषा आली की सगळ्या येतात?"

असं मी म्हणत असे खरी. मालकांनी अट घातली होती: जुनी वीस डिझाइनं घ्यायची, नव्या प्रोग्रॅमचं उत्तर जुन्याशी जुळलं पाहिजे, वीसपैकी वीस. जुळलं तर डिझाइन विभाग सुनेच्या हाती द्यायचा. नाही जुळलं तर बाहेरचं सॉफ्टवेअर, आणि त्यासोबत विभागावर बाहेरचा माणूस.

जुना प्रोग्रॅम कागदावर छापून आणला आणि त्याच्या लेखिकेची नव्याने ओळख झाली. सव्वीस वर्षांची, पाच फूट उंचीची, आणि चालायची अशी की जणू संगणक तिने माहेराहून आणलाय. विभागात बाकी सगळे गुजराती इंजिनिअर. आपल्या प्रोग्रॅमला कुणी हात लावू नये म्हणून या बाईने आतल्या सगळ्या आकड्यांना मराठी नावं ठेवली होती. इंग्रजी अक्षरांत, आणि सहाच अक्षरं बसायची म्हणून तोडून. तांबं होतं TAMBE. लोखंड होतं LOKHAN, ड मावला नव्हता. तेलाचं तापमान होतं SASU. हुशारी म्हणतात ती हीच, असं तिला वाटत होतं.

सून रोज संध्याकाळी माझ्याशेजारी बसून वाचायची. एकदा थांबली. "आई, ही सासू इथे चढतेय कशी?"

"तेलाचं तापमान आहे ते."

"असं होय. आणि उतरायला एवढा वेळ का लागतो, तेही आहे का पुढे?"

"पुढचं पान बघ," मी म्हटलं.

दीड महिन्यात प्रोग्रॅम उभा राहिला. शिकणं म्हणाल तर नवं लक्षात ठेवणं सोपं होतं, जुनं विसरणं जड. फॉरट्रानमध्ये मोजायला एकपासून लागायचं, पायथन शून्यापासून मोजतं. मी वीस डिझाइनांची तुलना छापली, तर कागदावर एकोणीस.

"आई, पहिलं कुठंय?"

"पहिलं जुळत असणार," मी ठोकून दिलं. मग मुकाट्याने एकाच्या जागी शून्य केलं.

विसावं आलं आणि खरी पंचाईत दिसली. तांबं जुळत होतं, मापं जुळत होती. लोखंडात वाया जाणारी वीज मात्र वीसपैकी एकाही ठिकाणी जुळेना, आणि तिच्यापाठोपाठ तेलाचं तापमानही. नवा आकडा नेहमी जास्त. कधी किंचित, कधी बराच, पण कमी एकदाही नाही. सोमवारी मालकांकडे जायचं होतं, आणि हा बुधवार.

मी तीन दिवस पायथनला शिव्या घातल्या. सुनेला म्हटलं, "माझा प्रोग्रॅम आजवर कधी चुकलेला नाही. खोट या तुमच्या नव्या भाषेत असणार." तिने शनिवारची सुट्टी रद्द करून कारखाना गाठला. टेन्शन आलं की ती तेच करते.

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर मी कागदावर पेन्सिलीने एक डिझाइन हाताने सोडवलं, आणि लोखंडापाशी सापडलं. फॉरट्रानचा एक जुना नियम होता. आकड्याच्या नावाचं पहिलं अक्षर आय ते एन यांपैकी असेल, तर तो पूर्णांक समजायचा. दशांशचिन्हापुढचं कापून टाकायचं, कुणाला न विचारता. हा नियम आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवला होता. सगळे इंजिनिअर लोखंडाच्या वजनाला डब्ल्यूवरून नाव द्यायचे, त्यांना काही झालं नाही. बाईसाहेबांनी मराठी बाणा दाखवला आणि एलवरून दिलं. वाया जाणारी वीज या वजनावरूनच निघायची, आणि वजन आम्ही क्विंटलमध्ये घ्यायचो. चौदा पूर्णांक सहा क्विंटल लोखंड असलं, की माझा प्रोग्रॅम चौदा धरायचा. साठ किलो लोखंड हवेत, आणि असं दर वेळी काही ना काही. चाळीसहून जास्त वर्षं. पायथनने काही कापलं नव्हतं, एवढाच त्याचा गुन्हा.

मग टेस्टिंगचे फोरमन आठवले. पादरा गावाहून येणारे, माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे, शांत गृहस्थ. तयार ट्रान्सफॉर्मरला मीटर लावून वाया जाणारी खरी वीज मोजायचे. ते दर महिन्याला यायचे आणि दारातूनच म्हणायचे, "बेन, तमारो आंकडो ओछो आवे छे." तुमचा आकडा कमी येतो. फरक मान्य मर्यादेत बसायचा, त्यामुळे माल कधी परत आला नाही, पण ते मात्र येत राहिले. एके दिवशी मी सगळ्या विभागासमोर त्यांना म्हटलं, "काका, कॉम्प्युटर भूल नथी करतुं, तो चुकत नाही. तुमचं मीटर तपासून आणा." त्यांनी खरंच मीटर तपासून आणलं. ठीक होतं. त्यानंतर ते माझ्या दारात आले नाहीत. मला वाटलं, मी जिंकले.

आता माझ्यासमोर उपाय होता, आणि तो फार सोपा होता. पायथनमध्ये int असं लिहिलं की दशांशापुढचं कापलं जातं. तीन अक्षरं. लिहिली. वीसपैकी वीस जुळले, शेवटच्या अंकापर्यंत. सुनेला विभाग मिळणार, माझा प्रोग्रॅम कधी न चुकलेलाच राहणार. चहा करून प्यायले. तासाभराने कागद पुन्हा पाहिला. नव्या डिझाइनांच्या खाली सही तिची पडणार होती. मी ती तीन अक्षरं काढली आणि तिला फोन केला.

"येताना टेस्टिंगची जुनी रजिस्टरं घेऊन ये. त्या वीस डिझाइनांची."

"कशाला?"

"बघायची आहेत."

एवढंच सांगितलं. रजिस्टरांत फोरमनच्या अक्षरात मोजलेले आकडे होते. रविवारभर ताडून पाहिले. नवे आकडे त्यांच्या अगदी जवळ होते, वीसच्या वीस. सुनेने दोनदा विचारलं, काय चाललंय, आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, उद्या कळेल. इतकी वर्षं तिच्यासमोर मिरवलेलं तोंड आणखी एक दिवस टिकवायचं होतं. सव्वीसची ती बाई गेली कुठेय? इथेच आहे.

सोमवारी मालकांनी तुलनेचा कागद पाहिला. त्यांच्या वडिलांच्या हाताखाली मी नोकरी केली, त्यामुळे मला ते मासी म्हणतात. "मासी, एके मळतुं नथी," ते म्हणाले. एकही जुळत नाही. सुनेचा चेहरा उतरला. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी रजिस्टरं पुढे केली आणि सांगितलं: जुना प्रोग्रॅम चुकीचा आहे. चूक माझी. नवा या रजिस्टरांशी जुळतो. मग लोखंडाचं सगळं सांगितलं, नावासकट. मालक स्वतः इंजिनिअर, त्यांनी पानं उलटून तीन डिझाइनं स्वतः ताडून पाहिली.

"तो आटलां वरस कोईए कह्युं नहीं?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही?

"दर महिन्याला सांगितलं," मी म्हटलं. "मी ऐकलं नाही."

त्यांनी नवा प्रोग्रॅम ठेवला. विभागाचं लगेच काही बोलले नाहीत. सुनेला म्हणाले, आधी चालू असलेली सगळी डिझाइनं नव्याने काढा, महिन्याभराने बसू. ना हो, ना नाही. तिने मान हलवली आणि रजिस्टरं उचलली.

येताना गाडी तीच चालवत होती. वाघोडिया चौकडीच्या चौकात गाडी थांबली. सिग्नलला म्हणाली, "आई, ते कापून टाकायचं ठेवलं असतंत, तर मला कळलंसुद्धा नसतं."

"ठेवलं होतं. तासभर."

तिने वळून पाहिलं. मला वाटलं, आता ही हसेल. हसली नाही.

"तासभराचं जाऊ दे," ती म्हणाली. "शनिवारपासून मला का नाही सांगितलंत? तिथे मी मूर्खासारखी बसले होते."

मागच्या रिक्षाने हॉर्न वाजवला. सिग्नल सुटला होता. मी म्हटलं, "लाज वाटत होती." तिने गिअर टाकला आणि म्हणाली, उद्या सकाळी आठला निघायचं आहे, डबा करून ठेवा, तुम्हीही येताय.

महिना सरायला अजून अकरा दिवस आहेत. आम्ही दोघी रोज आठला निघतो.