धुऱ्यावरची बोरी

वाळलेल्या बोरांचा आंबूस वास आला की मला तळेगावच्या आमच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, आठवतो. सत्तरच्या दशकात आम्ही तरुण देवळात अभ्यासवर्ग भरवायचो. मी समाजवाद शिकवायचो: जमीन सगळ्यांची, खाजगी मालकी हेच दुःखाचं मूळ. शेताचा शेजारी असलेला माझा बालमित्र ते मनापासून ऐकायचा. मग आम्ही माझ्या बैलांनी मधला धुरा नांगरून आमची दोन्ही शेतं एक करायची ठरवली. त्या धुऱ्यावर त्याच्या आईने लावलेली बोरी होती. ठरल्या दिवशी सकाळीच त्याने ती तोडली. माझं शेत त्याच्यापेक्षा मोठं आहे, हे मला त्याच सकाळी पहिल्यांदा जाणवलं आणि मी रिकाम्या हाताने गेलो. "काऊन गा, बैल नाई आणले?" त्याने विचारलं. "धुरा राहू दे," मी म्हणालो. तो आडव्या पडलेल्या बोरीवर बसला. "काल सांगतलं असतं, त बोरी वाचली असती." संध्याकाळी वर्गात पोरांनी विचारलं, शेतं एक झाली का? त्याच्यासमोर मी म्हणालो, "याची मालकीची ओढ सुटत नाही." पोरं हसली, "आला मोठा जमीनदार!" त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो गा, मलेच लोभ सोडता आला नाई." तेव्हापासून गाव त्याला जमीनदारच म्हणत आलं. परवा त्याच्या तेरवीलाही कुणीतरी हसत तेच नाव घेतलं आणि मी पुन्हा गप्प बसलो. म्हणून लिहितो: धुरा मी राखला. तो अजून आहे, त्यावर बोरी मात्र नाही.