सुषमा माझ्या मागे होती

अशोकभाऊंचा फोन आला तेव्हा मी हेल्मेट हातात घेऊन जिन्यात उभी होते. "आज ती येणार नाही गं…" एवढंच म्हणाले. मला वाटलं, ताप आला असेल. मग ते रडायला लागले. त्यांची बायको, माझी मैत्रीण सुषमा इंगळे दुपारच्या झोपेतच गेली होती. त्याला आता महिना होऊन गेला.

अंधेरीत आमच्या इमारती समोरासमोर. सुषमा हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झाली आणि लगेच सायकल घेऊन आली. बुलढाण्याकडच्या गावात, भावाच्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून शिकलेली बाई ती! मला म्हणाली, "तूपण घे. गुडघे धरून घरात बसलीस तर वाट लागेल." घेतली. दिवसा ऊन आणि घरचं काम, म्हणून दिवेलागणीनंतर निघायचो. तिचं सगळं पक्कं असायचं. उभ्या गाड्यांपासून लांब राहायचं, दार कधी उघडेल सांगता येत नाही. बसच्या डावीकडून घुसायचं नाही. वळण्याआधी मागे बघायचं, हात दाखवायचा. मी एकदा काळा कुर्ता घालून उतरले, तर परत वर पाठवलं. "कोणाला दिसणारेस तू यात? जा, बदलून ये!"

वर्सोव्याहून फेरीबोटीत सायकली चढवून आम्ही पलीकडे मढला जायचो. तिथला रस्ता अरुंद, वळणावळणाचा, दोन्हीकडे झाडं. एकदा परतताना अंधारातच माझा मागचा लाल दिवा बंद झाला. आदल्या दिवशी चार्ज करायला सांगितलेलं तिनं… मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ती फक्त म्हणाली, "तू पुढे हो. माझा दिवा दोघींना पुरेल."

मी पुढे, ती मागे. समोरून गाडी आली की डोळ्यांपुढे नुसता पांढरा उजेड, रस्ताच दिसेना. "दिव्याकडे बघू नको, डावीकडची कड बघ. हळू चल!" मागून टेम्पो आला, हॉर्न वाजवत राहिला. माझी बोटं ब्रेकवरून हटेनात. ती मात्र मागून बोलतच होती. भाचीचं लग्न, वांग्याचं भरीत, सोसायटीतली भांडणं… टेम्पो वेग कमी करून, लांबून पुढे गेला.

बोटीत बसल्यावर तिनं पिशवीतून उकडलेल्या शेंगा काढल्या. म्हणाली, "यार, मी पण घाबरले होते."

"मग एवढी बडबडत काय होतीस?"

"मी मागे आहे, हे तुला कळायला नको?"

दोघी हसत सुटलो. समोर बसलेल्या कोळणीही हसल्या, कशाला ते त्यांनाही माहीत नसावं.

त्यानंतर आम्ही खूप फिरलो. घाबरणं हळूहळू सुटलं, सवय झाली. तिच्याबरोबरच्या त्या संध्याकाळी मला भरपूर मिळाल्या, आता ती नाही म्हणून त्या कमी वाटत नाहीत.

परवा तिच्या घरी गेले. गॅलरीत तिची सायकल पुसून ठेवलेली, दोन्ही चाकांत हवा. अशोकभाऊंनी चहा दिला आणि सायकलपाशी जाऊन उभे राहिले. तिच्यापेक्षा चांगले चार बोटं बुटके आहेत ते.

मग हळूच म्हणाले, "हिची सीट जरा खाली घेता येते का गं?"